तिसरं पान, खाली, डावीकडे

४ मार्च

ताई,

नमस्कार मागच्या वर्षीचा शिल्लक असेल, त्यातूनच या वेळचा वळता करून घे. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी पाठवलं तर भाऊजी आधी फोडतील आणि मग तुला मोठ्याने वाचून दाखवतील. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हा शाईचा खटाटोप.

घाबरू नकोस, समेटाचं पत्र नाही. कामाचं आहे.

मी कंपनी सोडली. पंधरा वर्षं त्यांचा निळा डगला घालून लोकांच्या गाद्या उलट्या केल्या, आता स्वतःच्या नावावर करणार आहे. फक्त ढेकूण. झुरळं नाहीत, उंदीर नाहीत, वाळवी नाही. साहेब म्हणाले, "बाई, एवढ्याशा किड्यावर कुणाचं घर चालत नाही." मी म्हटलं, "तुमचं चाललंच की इतकी वर्षं, माझ्या जिवावर." ते हसले. मे संपेपर्यंत माझी जागा भरणार नाहीत म्हणे. जमलं नाही तर गुपचूप परत यायचं, डगला खुंटीलाच आहे. माणूस चांगला आहे, म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाकडे परत जायचं नाही हे ठरवायला सोपं असतं.

बाहेरच्या खोलीत टेबल टाकलंय. वाफेचं यंत्र आणलंय, टॉर्च नवी घेतली, आणि टेबलावर एक फोन आहे जो वाजत नाही. लोकांना मी आहे हेच माहीत नाही, तर वाजणार कसा. तेव्हा प्रश्न असा, की जाहिरात द्यायची कुठे?

तू बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसतेस. हरवलेली कुत्री, विकायची कपाटं, भाड्याच्या खोल्या घेऊन लोक तुझ्यापुढे उभे राहतात आणि तू पेन्सिलीने त्यांचे निम्मे शब्द खोडतेस. या बाबतीत तुझ्याइतकं कळणारं माणूस माझ्या माहितीत नाही. हे मी रागात असूनही लिहिते आहे, याची नोंद घे.

आमचे ड्रायव्हरसाहेब (शाळेची बस चालवणाराही तोच आणि नवराही तोच) म्हणतात, आपली जुनी व्हॅन रंगवून घेऊ. उभी असली तरी जाहिरात, चालली तरी जाहिरात. मला पटतंय. तुझं काय म्हणणं? एक ओळ पुरे.

धाकटी


१३ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. जाहिरातीच्या फॉर्मचा फाडलेला अर्धा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीने: "तिसरं पान, खाली, डावीकडे. रविवार नको. गाडी रंगवू नकोस." खाली नाव नाही, वर 'कशी आहेस' नाही. माझ्या पत्रालाही तू शब्दावर दर लावलास.

गाडी रंगवून झाली होती. मी उत्तराची वाट बघायला हवी होती हे कबूल, पण तुझ्या उत्तराची वाट बघायची सवय मी मागच्या वर्षीच सोडली.

पेंटरने ढेकूण काढला आहे तो दारभर. मी त्याला खरा ढेकूण दाखवायला बाटलीत घालून नेला होता. त्याने लांबूनच बघितला आणि मनानेच काढला, त्यामुळे तो कासवासारखा दिसतो. वर लाल काट मारली आहे. शेजारी एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं नाव आणि नंबर, की पुढच्या चौकातल्या माणसालाही चष्मा लागू नये.

पहिला फोन आला तो एका बाईंचा. आवाज इतका हळू, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. आजच या म्हणाल्या. आम्ही गेलो, त्यांच्या फाटकासमोर गाडी लावली. तिसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला, मग पडदा नीट ओढून घेतला गेला. मी वर जाऊन बेल वाजवली. आतून त्याच हळू आवाजात उत्तर आलं, "घरी कुणी नाही." मी दारापाशी उभी राहून म्हटलं, "बाई, तुम्ही आहात की." त्या म्हणाल्या, "मी पण नाही."

खाली आले तर गाडीभोवती त्या इमारतीतली माणसं जमलेली. कुणाकडे आलात, कुणाकडे आलात, एवढंच विचारत होती. नवरा स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला होता. आम्ही सांगितलं नाही कुणाकडे ते. आल्या पावली परत आलो.

तू खुश असशील. तिसऱ्या पानाचं बघते.

धाकटी


२९ मार्च

ताई,

तुझ्या खिडकीशी येऊन गेले त्याला आता आठवडा झाला. तू मला 'पुढचे' म्हणालीस. सख्खी बहीण समोर उभी आणि तू म्हणतेस 'पुढचे'. ठीक आहे, मी पुढची होतेच. माझ्या आधी ते म्हातारे गृहस्थ होते, छत्री हरवलेले. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या थोरल्या मुलाने दिलेली काळी छत्री'. तू सगळं खोडून 'काळी छत्री' ठेवलंस आणि त्यांना म्हणालीस, "नातं लिहायचं नाही. कुणी दिली त्याने छत्री सापडत नाही. नंबर मात्र शेवटी, सुटा, ठळक. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, नंबर विसरायचा नाही." मला हसू आलं आणि मग तुझं तोंड बघून गेलं.

रविवार का नको, हेही तू मला तसंच सांगितलंस, माझ्याकडे न बघता. "रविवारी सगळं घर एका पेपरावर बसतं. ढेकणांची जाहिरात चारचौघांत कोण कापून ठेवणार?" खरं आहे. तुझं खरंच असतं, तोच तर वैताग आहे.

तर जाहिरात बुधवारी आली. तिसरं पान, खाली, डावीकडे. आणि तिच्या बरोबर वर 'दोन खोल्या भाड्याने, हवेशीर, शांत'. त्या घरमालकाने तुझ्या खिडकीशी येऊन तमाशा केला, असं ऐकलं. लोक दोन्ही जाहिराती सलग वाचतील आणि खोल्यांबरोबर ढेकूणही भाड्याने आहेत असं समजतील, असं त्याचं म्हणणं. तू म्हणे माझी जाहिरात उचलून 'हरवले, सापडले' खाली टाकलीस. आता लोकांना वाटेल माझे ढेकूण हरवलेत आणि मी ते शोधते आहे.

फोन आले दोन. एक त्याच घरमालकाचा, शिव्या द्यायला. दुसरा चुकीचा नंबर.

अजून एक लिहिणार नव्हते, पण लिहिते. एवढ्या उकाड्यात तू लांब बाह्यांचं घातलं होतंस. पावती फाडताना बाही वर सरकली तेव्हा मनगटावर लाल ठिपके दिसले. एका ओळीत तीन. डास असतील. तुमच्या ऑफिसात डास आहेत का, हे मी काही विचारलं नाही. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून आले होते.

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

या महिन्यात मी जाहिरातीसाठी जिथे जिथे गेले तिथून मला हाकललं. सगळं सांगते, कारण ऐकायला दुसरं कुणी नाही. नवरा ऐकतो, पण बस चालवून आलेला माणूस, अर्ध्या वाक्यात घोरायला लागतो.

पत्रकं छापली. कुणाला बोलावं लागू नये, कुणी बघू नये, म्हणून इमारतींच्या जिन्याखालच्या पत्रपेट्यांत एकेक टाकत गेले. मला वाटलं, काय अक्कल चालवली. दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या अध्यक्षांचा फोन. "आमच्या इमारतीत ढेकूण आहेत असं तुम्हाला सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "कुणीच नाही, सगळीकडेच टाकलीत." ते म्हणाले, "सगळीकडे म्हणजे? समोरच्या इमारतीत नाहीत टाकली." समोरच्या इमारतीला कुलूप असतं, पत्रपेट्या आत आहेत, एवढंच कारण. पण त्यांनी संध्याकाळी सभा घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चौथ्या मजल्यावर संशय घेतला, चौथ्याने गच्चीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर. आता तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्या इमारतीत ढेकूण आहेत हे मी पैजेवर सांगते, नाहीतर सभा कशाला भरली असती.

मग गाद्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, काउंटरवर माझी कार्डं ठेवा, जुनी गादी टाकून नवी घेणारा माणूस का टाकतो ते तुम्हालाही माहीत आहे. दुकानदार मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेला आणि म्हणाला, "बाई, त्याचं ढेकणांनी जागरण होतं म्हणून तर तो नवी गादी घेतो. तुम्ही ढेकूण काढलेत तर मी काय विकू?" निदान खरं बोलला.

कपडे धुऊन देणाऱ्या बाईंनी माझा कागद फलकावर लावून घेतला. दुपारी परत गेले तर फलकावर टाचणी होती, कागद नव्हता. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याइतकं माझं गिऱ्हाईक कुणाकडेच जात नाही, सगळे अंग खाजवत येतात. डॉक्टरांनी मला तपासायला घेतलं, कारण मी नाव नोंदवून आत गेले होते. काय होतंय म्हणाले. मी म्हटलं, मला काही नाही, तुमच्या पेशंटना होतंय, आणि ते मलमाने जायचं नाही. त्यांनी घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं.

त्यामुळे कार्डं भरपूर उरली आहेत. तुला माहीत नसेल, गादीच्या शिवणीतून, पलंगाच्या फटीतून कार्ड फिरवलं की आतला ढेकूण बाहेर येतो. जाड कार्ड लागतं, वाकणारं नको. माझी जाहिरातीची कार्डं त्याला एकदम योग्य निघाली. लोकांच्या हातात देता येत नाहीत, तर निदान ढेकणांना तरी माझा पत्ता कळू दे.

साहेबांचा फोन आला होता. कसं चाललंय विचारत होते. मी म्हटलं, जोरात. ते म्हणाले, मे अजून आहे.

तू यावर काही लिहिणार असशील तर शब्द मोजू नकोस.

धाकटी


५ मे

ताई,

नाही लिहिलंस. बरं.

मला आता कळलंय काय चुकतंय ते, आणि कळून काही उपयोग नाही, म्हणून आणखी चिडचिड होते.

गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मार्चअखेरीस त्यांचं घर केलं, पंधरा दिवसांनी दुसरी फेरीही, अगदी स्विचबोर्डाच्या मागेसुद्धा वाफ दिली. बाई कित्येक आठवडे खुर्चीत बसून झोपत होत्या. काम झाल्यावर माझे दोन्ही हात धरून रडल्या. म्हणाल्या, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मला वाटलं, चला, एक माणूस सुटला आणि माझं नाव सांगणारं एक माणूस तयार झालं. प्रत्येक धंदा असाच वाढतो ना? सुताराचं नाव शेजारीण सांगते, न्हाव्याचं नाव मित्र सांगतो.

काल त्या बँकेत भेटल्या. सोबत मैत्रीण होती. मी हसले. बाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना सगळ्यांसमोर नावं ठेवली. मैत्रिणीला म्हणाल्या, "या आमच्या ओळखीच्या. शिवणकाम करतात." मैत्रीण लगेच म्हणाली, "पडदे शिवता का?" मी म्हटलं, "नाही. जुन्यात काय शिरलं असेल तेवढं काढून देते." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी रांगेत मागे जाऊन उभी राहिले.

गरज सरो, वैद्य मरो. राग बाईंवर नाही ग. त्या तरी काय करणार. माझं नाव सांगायचं म्हणजे आधी स्वतःचं घर सांगायचं. डॉक्टरची शिफारस करताना कुणी लाजत नाही, कारण ताप सगळ्यांना येतो. ढेकूण मात्र फक्त घाणेरड्यांच्या घरी होतात असं प्रत्येक जण समजतो, ज्याच्या घरी झालेत तोसुद्धा. मी राजवाड्यासारखी घरं केली आहेत आणि एका खोलीत सहा माणसं राहतात तीही केली आहेत. ढेकणाला माणूस लागतो, घाण नाही लागत. पण हे छापायचं कुठे?

इंटरनेटवर नाव नोंदवलं. तिथे लोक तारे देतात. मला पाच तारे मिळालेत, देणाऱ्याचं नाव बघितलं तर माझा नवरा. लिहिलंय, 'बाई स्वभावाने चांगल्या आहेत, थोड्या तापट.' दुसरा शेरा नाव न देता: 'माझ्या मैत्रिणीच्या घरी आल्या होत्या, माझ्या नाही. काम उत्तम.'

जाहिरात कुठेही दे, तिसऱ्या पानावर दे की आभाळात लिही, ती वाचून माणूस शेवटी शेजाऱ्याला विचारतो, 'ही बाई कशी आहे?' आणि शेजारी म्हणतो, 'मला काय माहीत, आमच्याकडे कधी झालेच नाहीत.' तिथे माझं दुकान बंद होतं.

धाकटी


११ मे

ताई,

गाडी पांढरी करून घेतली. कासव गेलं, नाव गेलं, नंबर गेला. पेंटरला वाईट वाटलं, म्हणाला चांगला जमला होता. आता गाडी कुणाचीही वाटते, आणि लोक दार उघडतात. दोन घरं मिळाली. पण जाहिरात करणारीची जाहिरात पुसली की काम मिळतं, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते कळव.

धाकटी


२१ मे

ताई,

आता मात्र स्पष्ट लिहिते. इतके दिवस मी इकडचं तिकडचं लिहीत होते आणि तूही वाचून समजत होतीस की मी काय लिहीत नाही.

मागच्या वर्षी तुझ्या घरी ढेकूण झाले. तू मला फोन केलास, भाऊजी बाहेरगावी असताना ये म्हणालीस, मागच्या जिन्याने ये म्हणालीस, माझी कामाची बॅग भाजीच्या पिशवीत घालून आण म्हणालीस. मी आले. सगळं तसंच केलं. पडदे ओढून आपण दोघींनी तो जुना सोफा उलटा केला, तू टॉर्च धरली होतीस आणि सारखी दाराकडे बघत होतीस. मी म्हटलं, ताई, ही लाजायची गोष्ट नाही. पंधरा दिवसांनी दुसरी फेरी करावी लागेल हेही सांगितलं. पहिल्या फेरीत जिवंत ते मरतात, पण एखादं अंडं सुटतंच, ते फुटायची वाट बघावी लागते. दुसरी फेरी झाल्याशिवाय काम झालं असं आम्ही म्हणतच नाही.

मधल्या दिवसांत आत्याकडे सगळे जेवायला जमलो. तुझ्या शालीवर एक ढेकूण चालताना आत्याने बघितला. सगळ्यांनी बघितला. आणि तू, एक क्षणही न थांबता, माझ्याकडे बोट करून म्हणालीस, "हिच्या बॅगेतून आला असेल. हिचं कामच ते."

ती साधी हातातली पर्स होती ग. तिच्यात रुमाल आणि घराची किल्ली होती. मी कामावरून निघताना डगला पिशवीत बांधते, बूट वेगळे ठेवते, घरी येऊन आधी कपडे कढत पाण्यात टाकते आणि मग नवऱ्याशी बोलते. पंधरा वर्षांत एकाही घरात मी ढेकूण नेला नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच एक आहे, आणि नेमकं तेच तू पंगतीत सगळ्यांसमोर काढून घेतलंस.

मी उठून गेले. कुणी थांब म्हटलं नाही. त्या दिवसापासून आत्याने मला चहालासुद्धा बोलावलं नाही. चुलत भाऊ दारातच बोलून वाटेला लावतो. आणि आता मी धंदा काढला, तर आपल्या माणसांपैकी एकही जण माझं नाव दुसऱ्याला सांगत नाही, कारण माझ्या बॅगेतून ढेकूण येतात हे त्यांना घरच्या माणसाने सांगितलंय. मी गावभर जाहिरात शोधत फिरते आणि माझी सगळ्यात मोठी जाहिरात तू आधीच करून ठेवली आहेस.

तरीही ठरलेल्या दिवशी दुसऱ्या फेरीला मी आले होते, हे तुला माहीत आहे. मागच्या जिन्याने, भाजीच्या पिशवीत बॅग घालून. बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. दार उघडलं नाहीस.

डास ओळीने चावत नाहीत, ताई.

मला आता तुझ्याकडून पान नको, जागा नको, सल्ला नको. एक वाक्य हवं होतं, तेही आत्याच्या घरात, त्याच माणसांसमोर. ते तू बोलणार नाहीस. झाकली मूठ तुझी सव्वा लाखाची, माझी मात्र उघडीच पडली. साहेबांना सांगितलंय, एक तारखेला येते. डगला सैल झाला असेल, मी वाळले आहे.

हे शेवटचं पत्र.

धाकटी


३ जून

ताई,

शेवटचं म्हटलं होतं. पण आता गप्प बसवत नाही.

रविवारी सकाळी आमचे ड्रायव्हरसाहेब पेपर वाचत होते. ते वाचताना बोलत असतात, मध्येच गप्प झाले. मी स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. मग त्यांनी पेपरची घडी घातली आणि माझ्यापुढे ओट्यावर आणून ठेवली. तिसरं पान, खाली, डावीकडे:

"आमच्या घरी ढेकूण आहेत. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बॅगेतून आलेले नाहीत. काढले तर तीच काढेल."

खाली तुझं पूर्ण नाव. लग्नानंतरचं आणि आधीचंही. इमारत, मजला, दाराचा नंबर.

मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. रविवारी दिलीस. सगळं घर एका पेपरावर बसतं त्या दिवशी. आत्या बसली असेल, चुलत भाऊ बसला असेल, भाऊजी तर तुझ्या समोरच्या खुर्चीत बसले असतील. आणि 'सख्ख्या धाकट्या'! म्हाताऱ्याच्या छत्रीवरून ज्या बाईने मुलगा खोडला, तिने दोन शब्द जास्तीचे ठेवले. तिथे मी रडले. नवऱ्याने बर्नर बंद केला, दूध उतू गेलं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की नंबर नाही.

खरं सांगते, डोकं फिरलं. इतकं सगळं केलंस आणि ज्याने फोन लागतो तेच विसरलीस. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, बावीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवते आणि स्वतःच्या वेळी नंबर घालत नाही. दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी मी चपला पुसून ठेवल्या, सोमवारी साहेबांकडे जायचं म्हणून.

सोमवारी मी जिना उतरत होते तेव्हा फोन आला. एक बाई होत्या. म्हणाल्या, "नंबर पेपरात नव्हता, म्हणून त्या खिडकीशी जाऊन विचारला. मी आपलं हळूच विचारलं हो, मागे रांग होती. तर त्या खिडकीतल्या बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'हो, माझ्याच घरी. अजून आहेत. लिहून घ्या नंबर.'" मग त्या बाई म्हणाल्या, "त्या इतक्या मोठ्याने बोलल्या, की मला माझं सांगायला काही वाटेना. आमच्याकडे पण आहेत."

मी परत वर आले. तेव्हापासून फोन ठेवते आणि उचलते एवढंच चाललंय. प्रत्येक जण आधी तुझ्या खिडकीशी जाऊन आलेला असतो. प्रत्येकाला तू तेच सांगितलेलं असतं, त्याच आवाजात. बावीस वर्षांत तू कुणाचा नंबर विसरली नाहीस. मी मूर्ख, मला वाटलं माझाच विसरलीस.

भाड्याच्या खोल्यावाल्या घरमालकाचाही फोन आला. 'हवेशीर, शांत' खोल्यांत आहेत म्हणे. मी त्याला म्हटलं, सलग वाचलं तर कळतंच होतं. आणि काल आत्याचा आला. "मला काही झालेलं नाही," असं तीनदा म्हणाली, आणि मग, "पण तू कधी येतेस?" चहा टाकते म्हणाली. बॅगेचं काही बोलली नाही. मी मुद्दाम म्हटलं, बॅग घेऊन येऊ का? ती म्हणाली, "अग घेऊन ये ना."

साहेबांना कळवलंय, खुंटी रिकामी करा. ते म्हणाले, जाहिरात वाचली, आम्ही इतकी वर्षं पैसे घालतो पण अशी कुणी लिहून दिली नाही. मी म्हटलं, लिहिणारी घरची आहे.

भाऊजी काय म्हणाले ते मला विचारायचं नाही आणि तू सांगू नकोस. तुझ्या आवाजावरूनच मला कळेल. फोन उचलायला लाग आता.

शनिवारी सकाळी येते. पलंग भिंतीपासून ओढून ठेव. चादरी, शाली, पडदे कढत पाण्यात टाक, पिशवीत बांध आणि पिशवी बांधलेलीच राहू दे. तो सोफा घाबरून बाहेर काढून ठेवू नकोस, जिनाभर पसरतील. वर्षभराचे आहेत, वेळ लागेल. गाडी पांढरीच आहे, पण मी तुझ्या फाटकासमोर लावणार आहे. बॅग हातात असेल, आणि मी पुढच्या जिन्याने येईन.

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. तेव्हा दार उघडायचं असतं, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
सख्खी धाकटी